एसएमपीएसचं लेबल वाचा, मग बोलू

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गेमिंगची आहेत. परीक्षा जवळ आल्या की दरवर्षी असंच होतं. दोघांनी मला ‘सर’ म्हटलंय. चालायचंच. २००१ साली सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हापासून गिऱ्हाईक आत येतं, माझ्याकडे बघतं आणि विचारतं, ‘‘मेकॅनिक कुठं गेलेत?’’ पहिल्या पत्राला जरा ऐसपैस उत्तर देतेय, कारण त्यातला घोळ बाकीच्या आठ-दहा पत्रांतही आहे.

प्रश्न : ताई, मी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२० मध्ये दहावी झाली आणि लॉकडाउनमध्ये मी नि मामेभावानं मिळून पीसी असेंबल केला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम (एकच स्टिक), जीटीएक्स १६५० चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, २४० जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर आलेला ५०० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्झ. नवे गेम अडखळतात. चालता चालता एकदम अर्धा सेकंद थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. इंटर्नशिपचे वीस हजार साठलेत. रीलवाला सांगतो आधी प्रोसेसर बदल. रूममेट म्हणतो सगळं विकून लॅपटॉप घे. माझा जीव आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डावर आहे. काय करू?

उत्तर : रूममेटचं ऐकू नकोस. जुना पीसी विकायला काढलास की त्याला भंगाराचा भाव येतो, आणि त्यात वीस हजार घालून घेतलेल्या लॅपटॉपचं कार्ड उद्या कमी पडलं तर बदलता येत नाही. तुझा बोर्ड मात्र अजून कामाचा आहे. त्याच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) पहिले रायझन २०१७ मध्ये आले आणि २०२४च्या जानेवारीत त्याच सॉकेटसाठी ५७००एक्स३डी हा नवा गेमिंग प्रोसेसर आला. एका सॉकेटवर सात वर्षं नवा माल येत राहिला, असं मी या धंद्यात दुसरं पाहिलं नाही.

पैसे काढायच्या आधी एक संध्याकाळ मोजमापात घाल. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, ते टाकलं की गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतात. ग्राफिक्स कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, रॅम आणि प्रोसेसरचा एकेक कोअर (त्याच्या आत स्वतंत्र काम करणारा भाग), एवढं लाव. जो गेम अडखळतो तोच अर्धा तास खेळ आणि आकडे वहीत लिही. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर ठाण मांडून बसलं असेल तर कार्ड दमलंय. कार्ड साठ-सत्तरवर खालीवर होतंय आणि एखादा कोअर शंभराला चिकटलाय, तर प्रोसेसर दमलाय. तरी खात्री नसेल तर रिझोल्युशन ७२०वर उतरव. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची, होत्या तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची.

पण तुझ्या वर्णनावरून मला तिसरंच दिसतंय. दमलेलं कार्ड सारखंच हळू चालतं, भरलेली एसटी घाट चढते तसं. मध्येच थांबून पुन्हा पळणं म्हणजे बहुतेक वेळा जागा संपल्याचं लक्षण. कार्डावरची चार जीबी भरली की उरलेली चित्रं मदरबोर्डवरच्या रॅममध्ये ठेवावी लागतात. तिथं विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड आधीच पाय पसरून बसलेत, म्हणजे तुझे आठ जीबीही भरलेले. मग विंडोज रॅममधलं सामान उचलून डिस्कवर नेतं. तू गेममध्ये दार उघडून नव्या खोलीत शिरलास की तेच सामान उलट्या वाटेनं परत आणायचं. तो तुझा अर्धा सेकंद.

आता ते सामान कुठून येतंय हे बघ. हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते, आणि माल इकडे-तिकडे विखुरलेला असेल तर एक-दोन एमबीवर येते. साधी साटा एसएसडी सलग वाचताना पाचशेच्या पुढे देते आणि विखुरलेल्या मालालाही ती अशी गळपटत नाही. गेम कुठे टाकलाय ते तू लिहिलं नाहीस, पण १ टीबीवरच असणार. बाकीचं सगळं त्या हार्ड डिस्कवर ने आणि हा एक गेम एसएसडीवर घे. खर्च शून्य.

शून्य खर्चाचं दुसरं काम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये, आहे. सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मेमरीच्या पानावर बघ. तिथं १०६६ दिसलं तर तुझी रॅम २१३३ने चालतेय, कारण तिथला आकडा निम्मा असतो. स्टिकवर ३००० किंवा ३२०० छापलेलं असूनही पाच वर्षं २१३३वर चालवणारे मला महिन्याला दोन तरी भेटतात. बायोसमध्ये एक्सएमपी, काही बोर्डांवर डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी, ही रॅम छापलेल्या वेगानं चालवणारी सेटिंग चालू कर. रायझनमध्ये कोअरच्या गटांना जोडणारा अंतर्गत रस्ता रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे रॅम रेंगाळली की प्रोसेसरही रेंगाळतो.

एवढं करून मग खिशात हात घाल. आणि खिशात हात घातल्यावर पहिली नोट कार्डासाठी नाही, एसएमपीएससाठी काढ. हे ऐकून तुझं तोंड वाकडं झालं असणार. सगळ्यांचं होतं. चार हजार रुपये खर्चून गेममध्ये एक फ्रेम वाढत नाही, मित्रांना दाखवायला काही नाही, आणि डबा कॅबिनेटच्या तळाशी अंधारात बसतो.

२०१९च्या महापुरानंतर पंधरवडाभर माझ्या दुकानासमोर चिखलानं भरलेल्या कॅबिनेटची रांग होती. वाचवण्यासारखं काही आहे का बघायला आम्ही एसएमपीएसचे पत्रे उघडले. चाळीसेक तरी उघडले असतील. त्या दिवसांत मला जे कळलं ते अठरा वर्षांच्या धंद्यात कळलं नव्हतं. नावाजलेल्या डब्यांत आत दाटीवाटीनं माल भरलेला. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेल्यांत सर्किट बोर्डावर भोकं आहेत, छापील खुणा आहेत, पण जिथं वीज गाळणारे सुटे भाग असायला हवेत तिथं नुसते वायरचे तुकडे जोडून वाट काढलेली. बोर्डाचा आराखडा चांगला, मालच भरलेला नाही. बाहेर मात्र झोकात ५००.

तुझ्या डब्यावरचं लेबल वाच. तिथं ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात. गेमिंगच्या कामाचा रकाना १२चा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच पितात. त्याखाली किती अँपिअर लिहिलेत? समजा १६ असतील. सोळा गुणिले बारा म्हणजे १९२ वॉट. पाचशेचा डबा कामाच्या जागी दोनशेही देत नाही, आणि हे तो स्वतःच्याच लेबलावर कबूल करतोय.

आता लागतं किती ते बघ. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट. तुझा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणतात, भर गेममध्ये ऐंशी-नव्वद धर. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीस-पन्नास. बेरीज २७० च्या आसपास. म्हणजे ४५० वॉटचा प्रामाणिक एसएमपीएस पुरतो, ५५०चा घेतलास तर पुढच्या कार्डालाही चालेल. साडेसातशेचा घ्यायला लावणारा दुकानदार स्वतःची सोय बघतोय. ‘८० प्लस ब्राँझ’चा शिक्का चांगला, पण तो वीज कमी वाया जाते याचा दाखला आहे, मजबुतीचा नाही. मी वॉरंटीची वर्षं बघते. बनवणारा पाच वर्षांची हमी देत असेल तर आत काहीतरी भरलेलं असणार.

जुन्या डब्याला कार्डासाठीची आठ पिनांची वायर नसेल तर कुणीतरी हार्ड डिस्कच्या वायरीवरून कन्व्हर्टर काढून देईल. नको घेऊ. आठ पिनांचा जोड दीडशे वॉटपर्यंत नेण्यासाठी असतो, हार्ड डिस्कची पातळ वायर त्यासाठी नसते. वितळलेले असे तीन जोड मी गिऱ्हाइकांना दाखवायला काचेच्या बरणीत ठेवलेत. आणि नव्या एसएमपीएसला सुट्या वायरी असतील तर जुन्या कंपनीच्या वायरी त्याला लावू नकोस. टोक बसतं, पण आतला क्रम वेगळा असू शकतो. असं करून एकाची चांगली डिस्क गेली, डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते.

आता कार्ड. आरएक्स ६६०० ची निवड बरोबर आहे. आठ जीबी मेमरी, वीज कमी, फुल एचडीला भरपूर. सेकंडहँड बारा-तेरा हजारांच्या घरात मिळायला हवं. आरएक्स ६५०० एक्सटी त्याहून स्वस्त दिसेल, पण तुझ्यासाठी ते सापळा आहे. मदरबोर्डशी बोलायला त्याला चारच लेन आहेत. नव्या, जेन ४च्या (या जोडणीच्या चौथ्या पिढीच्या) बोर्डावर चार लेन कशाबशा पुरतात. तुझा बी४५० जेन ३चा, म्हणजे तोच रस्ता निम्म्या वेगाचा, आणि कार्डावर पुन्हा चारच जीबी. ज्या खड्ड्यातून बाहेर पडायचंय तोच खड्डा पैसे देऊन विकत घेशील. ६६०० ला आठ लेन आहेत, तुझ्या बोर्डावर किंचित फरक पडतो, खेळताना जाणवत नाही. जीटीएक्स १०६० कुणी देऊ केलं तर तेही सोड. २०२५च्या ऑक्टोबरपासून एनव्हिडियानं त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं थांबवलंय, आता फक्त सुरक्षेपुरती डागडुजी.

एक विचारते. प्रोजेक्टमध्ये मशीन लर्निंग किंवा ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) आहे का? असेल तर थोडी कळ काढ आणि जुनं आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं शोध. ती सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडावर (कार्डाकडून गणितं करवून घेणाऱ्या यंत्रणेवर) जास्त सुखानं चालतात. त्याला १७० वॉट लागतात, म्हणून तेव्हा ५५०चाच एसएमपीएस.

सेकंडहँड कार्ड घेताना विकणाऱ्याच्या घरी जा आणि चालू मशीनवर बघ. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या टेबलावर असो की ओळखीच्या पोराकडे, नियम तोच. कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर घेऊन जा. आरएक्स ५८० घेणारे यातच फसतात : त्या नावाखाली २०४८एसपी नावाची हलकी आवृत्ती विकली जाते. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारे छोटे भाग) असतात, हिच्यात २०४८. स्टिकर दोन्हींवर सारखाच. मग पंधरा मिनिटं फरमार्क ही कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी चालव, तापमान बघ, पंख्याची घरघर ऐक. केबल लावायच्या पट्टीवर गंज असेल तर कार्ड दमट जागेत राहिलंय. मायनिंगला (क्रिप्टो नाणी मिळवायला) वापरलेलं कार्ड म्हणून एवढं घाबरायचं कारण नाही. इथेरियमचं मायनिंग २०२२च्या सप्टेंबरात बंद झालं तेव्हा अशी कार्डं ढिगानं बाजारात आली आणि त्यातली बरीच आजही चालतायत. त्यांचे पंखे नि थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) गेलेले असतात, चिप नाही. पॅड बदलायचे पैसे भावातून वजा करून माग.

रॅमनं मात्र घात केलाय. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून कारखाने तिकडे वळले आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव सोन्यासारखे चढले. नवीन १६ जीबीचा जोड घेऊ नकोस. तुझ्याच वेगाची ८ जीबीची जुनी स्टिक शोध. रॅमला झिजणारं काही नसतं, ती एकतर चालते नाहीतर चालत नाही. रात्रभर मेमटेस्ट ८६ लावून ठेव, सकाळी एकही चूक नसेल तर निश्चिंत. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी. दोन स्टिक झाल्या की रस्ता दुपदरी होतो, हा फायदा जागेपेक्षा वेगळा.

म्हणजे एसएमपीएस चार, कार्ड बारा-तेरा आणि उरलेल्यात स्टिक. कमी पडले तर तुझं १६५० वीक. त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नसेल तर गिऱ्हाईक चटकन मिळेल, का ते पुढच्या पत्रात कळेल.

प्रोसेसर आता नको. रीलवाल्याचं सगळंच चूक नाही, पण तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. सेकंदाला पंचाहत्तरपेक्षा जास्त चित्रं तो दाखवूच शकत नाही, आणि बहुतेक गेममध्ये तेवढी २६०० देतो. वर्षभरानं पैसे आले की रायझन ५ ५६०० बघ. २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन खोल्यांत राहतात आणि प्रत्येक खोलीला आठ एमबी कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी मेमरी. ५६०० मध्ये सहाही जण एका खोलीत आणि मधोमध बत्तीस एमबीचं ताट. गेमला हे मानवतं. ५५०० स्वस्त आहे, पण त्याचं ताट सोळाचंच, फसू नकोस.

तो बदलशील तेव्हा बायोस आधी नवा कर, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, आणि यूपीएसवर. बायोस लिहिला जात असताना लाईट गेली की बोर्ड मुका होतो. असा एक बोर्ड आमच्याकडे आला होता. चिपला चिमटा लावून सीएच३४१ए प्रोग्रामरनं पुन्हा लिहिला तेव्हा बोलला. दुसरं, कूलर थंड असताना सरळ वर ओढू नकोस. आधी दहा मिनिटं गेम चालव म्हणजे पेस्ट मऊ होईल, मग मशीन बंद कर, प्लग काढ आणि कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडव. मागच्या उन्हाळ्यात मिरजेचा एक मुलगा कूलरला चिकटून उपटलेला प्रोसेसर रुमालात बांधून घेऊन आला. एएम४ला १३३१ पिना असतात, त्यातल्या सात आडव्या. क्लिकच्या पेन्सिलीच्या रिकाम्या टोकानं एकेक सरळ केली. दीड तास लागला. त्या दीड तासात पोरगं एक शब्द बोललं नाही.

प्रश्न : मी इस्लामपूरची गृहिणी. मुलगा बारावीला आहे. मिस्टरांच्या ऑफिसातून लिलावात घेतलेला छोटा डेस्कटॉप आहे. आय५ आहे, ८ जीबी रॅम. मुलगा म्हणतो यावर गेम चालत नाहीत, ऐंशी हजारांचा नवा हवा. दुकानदार म्हणतो यात कार्डच बसत नाही. आय५ तर चांगला असतो ना?

उत्तर : ताई, आय५ हे आडनाव झालं. आपल्याकडे भर बाजारात ‘ओ पाटील’ म्हणून हाक मारा, दहा माना वळतील. नाव त्याच्या पुढच्या आकड्यात असतं. ४५७० सारखा चारानं सुरू होणारा आकडा असेल तर ती चौथी पिढी, म्हणजे २०१३ची. ऑफिसातल्या लिलावात बहुधा हेच येतात. त्यात डीडीआर३ रॅम लागते, नव्या प्रोसेसरला तो बोर्ड चालत नाही, आणि विंडोज ११ला मायक्रोसॉफ्ट अशा जुन्या प्रोसेसरला धरत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून त्या मशीनवर बँकेचं काम करू नका.

दुकानदार अर्धं खरं सांगतोय. छोट्या कॅबिनेटमध्ये उंच कार्ड मावत नाही आणि त्यातला एसएमपीएस त्या कंपनीच्याच मापाचा असतो, बाजारातला बसत नाही. पण बुटक्या पट्टीचं, म्हणजे लो-प्रोफाइल, १६५० मिळतं. ते ७५ वॉट थेट बोर्डाच्या खाचेतून घेतं. आतमध्ये हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका. एवढ्यात व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५ चालतील. या दोन वर्षांतले मोठे गेम चालणार नाहीत, आणि तसं त्याला आधीच सांगा, नाहीतर पैसे घातल्यावर पुन्हा तोंड फुगेल.

ऐंशी हजारांबद्दल : तो पुढं कुठल्या शाखेला जातो ते जूनपर्यंत ठरेल. आर्किटेक्चरला गेला तर वेगळं मशीन लागेल, बीकॉमला गेला तर वेगळं. तोपर्यंत तुमच्याकडे सबब आहे, आणि खरी आहे.

प्रश्न : ताई, आम्ही देवगडला राहतो. नवा मेटलचा कॅबिनेट घेतला आणि तेव्हापासून हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. दुकानात नेला तर तिथं काहीच येत नाही. एसएमपीएस बदलून दिला, तरी घरी तेच.

उत्तर : पीसी ठीक आहे, घराला अर्थिंग नाही. दुकानात येत नाही आणि घरी येतं, यावरूनच कळतं. एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. त्यांची गळती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायची असते. वायर तुटलेली असली किंवा जोडलेलीच नसली तर कॅबिनेटचा पत्रा लाईनच्या निम्म्या व्होल्टेजला, एकशे पंधराच्या आसपास, लोंबकळत राहतो. करंट अगदी नगण्य असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरोखरच फेज पत्र्याला लागली तर फ्यूज उडवायला वाटच नाही, आणि तेव्हा झिणझिण्यांवर भागणार नाही. आणखी एक, अशा कॅबिनेटला चालू असताना टीव्हीची एचडीएमआय केबल लावलीत की पोर्ट जळू शकतो. नवं कार्ड घेऊन घरी गेल्यावर ‘एचडीएमआय मेलं’ म्हणून येणारी काही पोरं याच वाटेनं येतात.

तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. वायरमन बोलवा. तो फेज आणि अर्थिंगच्या भोकात बल्ब लावून बघेल. तुमच्याकडे घर जांभ्यावर असेल तर खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. कोळसा-मीठ घालून खड्डा नीट भरून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओता. पत्र्याखाली रबर ठेवणं, चप्पल घालून खेळणं, हे उपाय दुकानदारांनी सांगितले असतील. ते करू नका. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण नाही, प्लग काढा, आणि प्लगबरोबर इंटरनेटची लॅन वायरही काढा. मे-जूनमध्ये मदरबोर्डची लॅन गेलेली मशीनं माझ्याकडे येतात, त्यांचा प्लग बहुधा काढलेला असतो.

प्रश्न : सर, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. काडीचा फरक नाही. फसवलं का?

उत्तर : बहुतेक नाही. विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन बघा, तिथं ६० निवडलेलं असेल. ते १४४ करा. १४४ तिथं दिसतच नसेल तर केबल बघा : मॉनिटरबरोबर आलेली डिस्प्ले पोर्टची वायर डब्यात तशीच पडली असेल आणि तुम्ही जुनी एचडीएमआय लावली असेल. आणि रागावू नका, पण केबलचं दुसरं टोक ग्राफिक्स कार्डालाच आहे ना? उभ्या पोर्टांच्या ओळीत नाही, खालच्या आडव्या ओळीत. माझ्या दुकानात ‘कार्ड चालत नाही’ म्हणून आलेल्या मशीनपैकी काही फक्त एवढ्यानं बरी झाली. मी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्यांच्याकडून प्याले.

प्रश्न : साडेतीन हजारांत सहा रंगीत पंखे मिळतायत. माझ्याकडे एकच पंखा आहे आणि पुढची बाजू अख्खी काचेची. घेऊ का?

उत्तर : समोर काच असेल तर सहा पंखे हवा कुठून ओढणार? काचेच्या कडेला बोटभर फट आहे का ते बघा. नसेल तर एका रविवारी काच काढून ठेवा, कार्डाचं तापमान लिहा, काच लावून पुन्हा लिहा. आठ-दहा अंशांचा फरक आला तर जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्या आणि त्यात साधे दोन पंखे, एक पुढून आत, एक मागून बाहेर. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, ब्लोअरनं गरागरा फिरवू नका. रंग हवेच असतील तर टेबलाच्या मागे एलईडीची पट्टी लावा, दोनशे रुपयांत येते.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कॅबिनेटचे दिव्यांसकट फोटो पाठवू नका, आम्ही इथं त्यांचे अल्बम करून बसलोय. बाजूचा पत्रा काढा आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवा. जवळून, आणि हात न हलवता.